‘पाच वर्षांचा झाला की या’ म्हटलं, तरी थांबू नकोस

नमस्कार ताई,

माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही. धुळ्याला खासगी दवाखान्यात तीन आठवडे काचेत ठेवला होता. तिसऱ्या महिन्यापासून झटके यायला लागले, त्याचं औषध चालू आहे. अजून मान धरत नाही. डाव्या हाताची मूठ आवळलेलीच असते, दूध पिताना ठसका लागतो. डॉक्टरांनी कागदावर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं, लिहून दिलं आहे.

माझं सासर शिंदखेडा तालुक्यात. सध्या मी माहेरी, अमळनेर तालुक्यात आहे, कारण आई बाळाला धरू लागते. मिस्टर जिनिंगमध्ये हंगामी कामाला जातात आणि दोन एकर कोरडवाहू कापूस आहे. दवाखान्यात होतं नव्हतं ते गेलं, माझी पोत गहाण आहे. अपंगाच्या दाखल्याची चौकशी करायला सरकारी रुग्णालयात गेलो, तर खिडकीवरचे भाऊ म्हणाले, “लहान आहे, पाच वर्षांचा झाला की या.” बाहेर एक जण भेटला, तो आठ हजारांत काम करून देतो म्हणाला. सासूबाई म्हणतात, “पोऱ्यावर अपंगना शिक्का नको मारू. मनुदेवीले नवस बोल, चाली तो.” आणि खरं सांगू का, मुलाच्या दुखण्यावर पैसे मागायची मलाच लाज वाटते. पाच वर्षं थांबू का?

– एक आई

पोरी,

थांबू नकोस. त्या आठ हजारवाल्याला तर दारातसुद्धा उभं करू नकोस. बाकीचं सविस्तर सांगते. सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी अशाच खिडक्यांच्या अलीकडे-पलीकडे गेली, त्यामुळे आत काय चालतं ते थोडंफार ठाऊक आहे.

तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या आधी सोडवू. बाळाचा उपचार ही एक आणि बाळाच्या नावाने मिळणारे पैसे-सवलती ही दुसरी. पैशाच्या जवळजवळ प्रत्येक योजनेला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, उपचाराला लागत नाही. पुष्कळ आई-बाप दाखल्याच्या मागे वर्षभर फिरतात आणि दाखला आला की व्यायाम सुरू करू म्हणतात. तसं करू नकोस. मेंदू शिकतो तो याच वयात. दाखला चार महिने उशिरा आला तर चार महिन्यांचे पैसे जातील. व्यायाम चार महिने उशिरा सुरू झाला, तर त्याचं नुकसान कुठल्याच तहसीलमधून भरून मिळत नाही.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत होतात. त्यांचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत येतं. पथकाची वाट बघत बसायची गरज नाही. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांग की बाळाला ‘आरबीएसके’कडून, म्हणजे याच कार्यक्रमाकडून, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं आहे, चिठ्ठी द्या. या केंद्राला सगळे ‘डीईआयसी’ म्हणतात, तूही तेच म्हण, म्हणजे कोणी दुसऱ्या इमारतीत पाठवणार नाही. फिजिओथेरपी, कानाची आणि डोळ्यांची तपासणी, बोलण्याचे उपचार, बाळाला भरवायचं कसं हे शिकवणं, ही सगळी कामं एका जागी व्हावीत म्हणून ही केंद्रं काढली आहेत. ठसक्याचं तिथे पहिल्याच दिवशी सांग. आडवं झोपवून दूध पाजत असशील तर ते आजच बंद कर, डोकं उंच धरून पाज. आणि झटक्यांचं औषध कोणाच्याही सांगण्यावरून, अगदी बाळ महिनाभर ठणठणीत दिसलं तरी, स्वतःहून बंद करू नकोस.

पुढे भरती करायची किंवा शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता ती राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ही योजना बिनरोखीची आहे. भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचं असतं. आपण पैसे भरून मोकळे झालो की मागचं बिल परत मिळत नाही. तुमचं काचेतलं बिल म्हणूनच आता परत येणार नाही, त्या आशेवर कोणी पैसे मागितले तर देऊ नका. रुग्णालय यादीत आहे का, ते १५५३८८ या क्रमांकावर आधी विचारून घ्यायचं.

आता तुझा मूळ प्रश्न. खिडकीवरच्या भाऊंनी सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि अर्ध्यामुळेच घात होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. त्यात बौद्धिक दिव्यांगत्वाचा शेरा मूल पाच वर्षांचं होईपर्यंत देत नाहीत, कारण त्याआधी बुद्धीची चाचणी भरवशाची नसते. भाऊंच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पण केंद्र सरकारच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांतच पुढे लिहिलं आहे की एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे एकूणच विकास मागे पडल्याचं, तात्पुरतं प्रमाणपत्र देता येतं. त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा मूल पाच वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. तुझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे, म्हणजे वयाची ही अट त्याने ओलांडली. शिवाय सेरेब्रल पाल्सी हा त्या एकवीसच्या यादीत स्वतंत्रपणे नाव घेऊन लिहिलेला आजार आहे. हातापायांचा ताठरपणा, मान न धरणं, हे चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोजतात.

खिडकीवर वाद घालायचा नाही. त्या माणसाला निर्णयाचा अधिकारच नसतो. निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग तो खिडकीवर अडत नाही.

अर्ज भरतात ‘स्वावलंबन कार्ड’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर. २०२१ च्या जूनपासून प्रमाणपत्र याच मार्गाने द्यायचं बंधन आहे, नवे दाखले आता हाताने लिहून देत नाहीत. एकाच अर्जावर प्रमाणपत्रही मिळतं आणि ‘यूडीआयडी’ हे दिव्यांगांच्या ओळखीचं कार्डही. अर्जाला शुल्क नाही. सेतूवाला फॉर्म भरण्याचे थोडेफार घेईल, तेवढे द्या. आठ हजारांचा तिथे काही संबंध नाही. हे दलाल करतात काय, तर तुमच्याच मोबाइलवरून तुमचाच अर्ज भरतात, तारीख आली की तुम्हालाच बाळ घेऊन रांगेत उभं करतात, आणि दाखला मिळाला की तो आपण मिळवून दिला म्हणतात. नाही मिळाला तर फोन उचलत नाहीत. काही जण तर बनावट कार्ड छापून देतात. ते पुढे पडताळणीत सापडलं की गुन्हा नोंदवला जातो तो बापावर.

अर्ज भरताना रुग्णालय निवडावं लागतं. जिथे राहतो त्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या ठिकाणी अर्ज करता येतो. तुझ्या बाबतीत दोन्ही धुळ्याकडे बोट दाखवतात. रेशनकार्ड शिंदखेड्याचं, उपचार धुळ्याचे. माहेर जवळ म्हणून जळगाव निवडण्याचा मोह होईल, पण पुढची सगळी कामं शिंदखेडा तहसीलला होणार आहेत, म्हणून धुळेच बरं.

कागदांचं सांगते, कारण माणसं अडकतात ती इथेच. बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव चढवलं आहे का, ते आजच बघ. काचेतल्या बाळांच्या बाबतीत घरच्यांना नावाचं सुचतच नाही. बारसं होतं, पण दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहते. नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर किरकोळ विलंब शुल्क लागतं. हे काम तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत होणार नाही. बाळ जिथे जन्मलं तिथल्या नोंदणी कार्यालयात जावं लागतं. तो दाखला झाला की बाल आधार. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो आणि आई किंवा बापाचं आधार एवढ्यावर ते निघतं. मग रेशनकार्डात बाळाचं नाव. तिन्ही कागदांवर बाळाचं नाव आणि बापाचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. एकीकडे ‘भाऊसाहेब’ आणि दुसरीकडे ‘भाऊराव’ असलं, तर मशीनला दोन माणसं दिसतात.

दवाखान्याच्या कागदांत सगळ्यात मोलाचं म्हणजे काचेतून सुट्टी झाली तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड. बाळ जन्मतः रडलं नाही, केव्हा श्वास घेतला, ते सगळं त्यात असतं. ते हरवलं असेल तर त्या दवाखान्याला लेखी अर्ज दे. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून बहात्तर तासांत नोंदी द्याव्या लागतात. पण याच नियमात नोंदी तीन वर्षंच जपून ठेवायचं बंधन आहे, म्हणून पाच वर्षांनी मागू म्हणशील तर तेव्हा त्या असतीलच असं नाही. मेंदूचा एमआरआय, ईईजी, कानाची बेरा तपासणी, डोळ्यांचा अहवाल, जे झालं असेल ते जोड. बेरा आणि डोळे तपासले नसतील तर मंडळापुढे जाण्याआधी डीईआयसीत तपासून घे. जन्मतः गुदमरलेल्या बाळांत कानाडोळ्यांचाही त्रास पुष्कळदा सापडतो. सापडला तर उपचार लवकर सुरू होतो आणि मंडळही तो मोजतं. दोन-तीन प्रकारचं दिव्यांगत्व असलं की टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत, त्याचं एक सूत्र आहे, पण मोजायचं राहून गेलं तर सूत्र लावणार कशाला?

मूळ कागद कोणाच्याही हातात सोडायचे नाहीत. झेरॉक्सचे तीन-चार संच करून ठेव.

मंडळाच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते. एवढ्याशा बाळाची लेखी परीक्षा घेता येत नाही, म्हणून मानसशास्त्रज्ञ आईलाच प्रश्न विचारतात. मान धरतो का, हाताने वस्तू पकडतो का, नाव घेतलं की वळून बघतो का, कपातून पितो का. तुझ्या उत्तरांवर आकडा ठरतो. आणि इथे आमच्या आया काय करतात? चार माणसांसमोर लेकराला कमी कसं म्हणायचं, म्हणून “हो, धरतो की थोडी थोडी” म्हणतात. पाठीमागे उशी लावून कधीतरी अर्धा मिनिट धरली, तर ते ‘धरतो’ होत नाही. अशा मायेच्या दोन-चार ‘हो’ने मुलगा योजनांना लागणाऱ्या चाळीस टक्क्यांच्या खाली जातो आणि सगळी दारं बंद होतात. याच्या उलट, टक्के वाढावेत म्हणून बाळाला आदल्या रात्री जागवणारे, औषध चुकवून नेणारे लोकही मी पाहिले आहेत. हा शुद्ध वेडेपणा आहे, झटका आला तर जिवावर बेतेल. रोज जसा असतो तसा ने. घरी तो ठसकताना, मूठ आवळताना, मान टाकताना दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेव. अनोळखी खोलीत बाळ रडून रडून झोपी गेलं, तर ते दाखवता येतील. तुझ्यासोबत तुझी आई असू दे, आणि जमलं तर मिस्टरांनाही ने. बापाने एकदा तरी हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे विचार. प्रमाणपत्रावर निदान म्हणून ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द येतील का? निदान खरं असेल तर ते शब्द येणं फार उपयोगाचं आहे. का, ते पुढे सांगते.

नियमाप्रमाणे प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आत मिळायला हवं. कार्डाचे तीन रंग आहेत. चाळीस टक्क्यांखाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. मंडळाने नाकारलं, किंवा टक्के फारच कमी धरले असं वाटलं, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नकोस. कारण लेखी घे. कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं, त्याला नव्वद दिवसांची मुदत आहे.

आता पैसे. चाळीस टक्के किंवा जास्त निघाले, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज शिंदखेडा तहसीलला करायचा. बाळ कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं आहे, म्हणून अर्ज आणि खातं तुझ्या किंवा मिस्टरांच्या मार्फत राहील. राज्याने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १,५०० वरून २,५०० रुपये केली आहे. अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. म्हणजे दिवसाला एकशे चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. कापूस वेचायला जाणारी बाईसुद्धा दिवसाला याहून जास्त मिळवते. ही मर्यादा ठरवणाऱ्याने खान्देशात एक हंगाम काढून बघावा, असं माझं मत आहे आणि ते मी नोकरीत असतानाही बोलून दाखवत असे. पण तुझ्या कामाची गोष्ट अशी की हंगामी काम आणि कोरडवाहू दोन एकर, हे तलाठ्याला सातबाऱ्यासकट जसं आहे तसं सांगा. जिनिंग बारा महिने चालत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. अंदाजाने मोठा आकडा त्याने लिहू नये एवढ्यासाठी मिस्टरांनी स्वतः जावं. खातं आधारशी जोडलेलं असू दे, पैसे थेट तिथेच येतात.

उत्पन्नामुळे तिथे जमलं नाही, तर धुळ्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, तिथे बालसंगोपन योजनेची चौकशी कर. लोकांना वाटतं ही फक्त अनाथ मुलांची योजना. तसं नाही. तीव्र मतिमंद आणि बहुविकलांग मुलंही तिच्यात येतात. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मंजुरी बाल कल्याण समिती देते. गृहभेट होते, तेव्हा घर आवरून, उसनं सामान लपवून बसू नका. जसं आहे तसं दिसू दे.

मघाशी ‘सेरेब्रल पाल्सी’ या शब्दांवर जोर दिला तो निरामय विम्यासाठी. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारांपुरतीच आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधीचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे भरती न होता घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत परत मिळतो. फुले योजना हे देत नाही. तुझे पैसे महिन्यामागून महिना जाणार आहेत ते याच व्यायामावर. म्हणून प्रत्येक वेळची पावती, तारीख आणि सही-शिक्क्यासकट ठेवायची सवय लाव.

गावातलंही सोडू नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी मार्च आला की यादी काढून रक्कम वाटून मोकळे होतात, आणि त्या यादीत लहान मुलांची नावं फार क्वचित दिसतात, कारण कोणी दिलेलीच नसतात. कार्ड आलं की ग्रामसेवकाकडे झेरॉक्स देऊन पोच घ्या.

एसटीच्या सवलतीसाठी मात्र आत्ता धावपळ करू नकोस. पाच वर्षांखालचं मूल तसंही फुकट जातं, आणि बाई म्हणून तुझं तिकीट अर्धं आहेच. दलाल एसटीचा पास दाखवून भुलवतात, म्हणून सांगितलं. बाळ पाच वर्षांचं झालं की पंचाहत्तर टक्के सवलत कामाला येईल. तसंच कोणी ‘कोर्टातून पालकत्वाचा कागद करून घ्या’ म्हणालं तर नको म्हण. अठरा वर्षांपर्यंत आईबाप हेच कायद्याने पालक असतात.

सासूबाईंचं. त्यांच्यावर रागवू नकोस. त्यांच्या काळात एकदा लागलेलं नाव निघत नसे. त्यांना एवढंच समजावून सांग की बाळाचा हा कागद मुदतीचा आहे. पाच वर्षांच्या आत तो आपोआप संपतो. बाळ सुधारलं, तर पुन्हा काढायचा नाही, कोणी सक्ती करत नाही. गावात कोणाला दाखवायचाही नसतो. नवस बोलायचा तर बोलू दे, मनुदेवीला जायचं तर बाळाला घेऊन जा, फक्त त्या दिवशीचा व्यायाम आणि औषध चुकू देऊ नको. मला आलेला अनुभव असा की आजीला घरी करायच्या व्यायामातलं एक काम नेमून दिलं, समजा मूठ उघडून तळहात चोळायचं, की चार दिवसांत तीच शेजारणीला सांगायला लागते की डॉक्टरांनी काय शिकवलं.

आणि तुझी लाज. तू दुखण्यावर पैसे मागत नाहीस. २,५०० रुपयांत धुळ्याच्या फेऱ्या, झटक्यांचं औषध आणि दुधाचा खर्चसुद्धा पुरा भागत नाही, नफा कसला? हे त्याच्या नावाने येतात, त्याच्यावर खर्च होतात. तू फक्त सही करणारी. त्यातून पहिली पोत सोडवायचा विचार मनात आला, तरी ती थोडी थांबू दे. तुझ्या माहेरच्यांनी हात दिला तर त्यातून सोडव. बाळाचे पैसे व्यायामालाच लागू देत.

याच विषयावर आणखी दोन आयांची पत्रं आली आहेत, त्यांनाही इथेच सांगते. नवापूरच्या ताई, तुमच्या मुलीचा सिकलसेल या एकवीसच्या यादीत आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. तुम्हीही याच संकेतस्थळावर अर्ज करायचा. रक्ताचा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अहवाल, दरवेळी भरती झाल्याची कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी जोडा. नुसता ‘सिकलसेल आहे’ एवढा कागद पुरत नाही, त्रास किती होतो ते मोजतात. आणि वाहक असणं वेगळं, रुग्ण असणं वेगळं. मुलगी नुसती वाहक असेल तर तिला दाखल्याची गरज नाही. चाळीसगावच्या भाऊ-वहिनी, हृदयाला छिद्र असणं त्या यादीत नाही, म्हणून तुमच्या बाळाला कार्ड मिळणार नाही, त्यामागे दिवस घालवू नका. पण शस्त्रक्रिया आरबीएसके आणि फुले योजनेतून मोफत होते आणि तिला कार्ड लागत नाही. अंगणवाडीतूनच सुरुवात करा, याच आठवड्यात.

पोरी, जन्मदाखल्याचं काम आणि डीईआयसीची चिठ्ठी एकाच वेळी सुरू कर, एकासाठी दुसरं अडवू नकोस. मंडळाची तारीख धुळ्याची असेल तर आदल्या दिवशीच शिंदखेड्याला ये, पहाटेच्या गाडीत बाळाचे हाल होतील. बरोबर दुधाची बाटली, औषध आणि जास्तीची दुपटी घे, रांग दुपारपर्यंत हलत नाही. आणि मंडळाने कमी टक्के दिले किंवा परत पाठवलं, तर त्या कागदाचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठव. नव्वद दिवसांच्या आत पाठव, म्हणजे अपिलाचा अर्ज आपल्याला मिळून लिहिता येईल.